ग्रिड फ्रेमवर्कची निवड : बारा स्तंभांच्या चौकटीचे चिकित्सक अवलोकन

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने उभे करावयाचे ठरले की संबंधित समितीच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास पुढे येतो : कोणते फ्रेमवर्क वापरावयाचे? बूटस्ट्रॅप, फाउंडेशन, टेलविंड अशी नावे घेतली जातात, एखादा तरुण सहकारी त्यांपैकी एकाची बाजू हिरिरीने मांडतो आणि अखेरीस ज्या पुरवठादाराला काम दिले जाते तो ज्यात सरावलेला असतो तेच फ्रेमवर्क निश्चित होते. मोबाइल, टॅब्लेट आणि संगणक या सर्व पडद्यांवर आपोआप जुळवून घेणारे, म्हणजेच रिस्पॉन्सिव्ह, संकेतस्थळ हवे एवढी अट कागदावर असते. ही अट पुरी करण्यासाठी फ्रेमवर्क लागतेच, हे मात्र कोठेही तपासले गेलेले नसते.

ग्रिड फ्रेमवर्क हे एका विशिष्ट काळातील उणिवेवरचे उत्तर होते. सीएसएस या भाषेत पानाची मांडणी करण्याचे साधनच नव्हते, म्हणून ते बाहेरून पुरवावे लागले. ते साधन २०१७ साली भाषेतच उपलब्ध झाले. यास्तव फ्रेमवर्कची निवड करताना ‘सर्वांत चांगले कोणते’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘आज नेमकी कोणती उणीव शिल्लक आहे’ हा प्रश्न अग्रक्रमाने विचारावा लागतो. मराठी मजकुराच्या संकेतस्थळाबाबत या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी संकेतस्थळाहून काहीसे वेगळे येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फ्लोटची उसनवारी

हाकोन व्यूम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाणित झाली. त्या आवृत्तीत ‘फ्लोट’ हा गुणधर्म होता. चित्र एका कडेला सरकवावे आणि मजकूर त्याच्या भोवतीने वाहावा, हे त्याचे प्रयोजन. छापील मासिकात चित्राला वळसा घालून ओळी जातात, तसेच हे. संपूर्ण पान स्तंभांत विभागण्यासाठी फ्लोटची योजना कधीच नव्हती. परंतु दुसरे साधन नसल्याने तक्त्यांचा मांडणीसाठी होणारा वापर सोडून देणाऱ्या पिढीने फ्लोटलाच कामाला जुंपले. फ्लोट झालेल्या घटकांची उंची त्यांच्या पालक घटकाला कळत नाही. म्हणून ‘क्लिअरफिक्स’ नावाची युक्ती शोधावी लागली. दोन शेजारी स्तंभ समान उंचीचे करणे हीदेखील एक कसरतच होती. या कसरती प्रत्येकाने नव्याने करण्याऐवजी कोणीतरी एकदाच नीट करून ठेवाव्यात, या गरजेतून ग्रिड फ्रेमवर्कचा जन्म झाला.

२००७ मधील ब्लूप्रिंट आणि २००८ मधील नेथन स्मिथ यांची ‘९६० ग्रिड सिस्टिम’ ही या प्रवाहाची आरंभीची ठळक उदाहरणे होत. ९६० पिक्सेल रुंदीचे बारा भाग करावयाचे, प्रत्येक स्तंभ ६० पिक्सेलचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १० पिक्सेलची मोकळी जागा ठेवावयाची. बारा गुणिले साठ म्हणजे ७२०, चोवीस गुणिले दहा म्हणजे २४०, बेरीज ९६०. त्या वेळी १०२४ पिक्सेल रुंदीचे पडदे सर्रास वापरात होते, त्यांत ही चौकट नेमकी मावत असे. मागे वैचारिक परंपराही होती. स्विस मुद्रणकलेतील योजेफ म्युलर-ब्रॉकमान यांचा ग्रिडविषयक ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला होता आणि छापील पानाचे ते शास्त्र पडद्यावर आणण्याची उमेद अनेक रचनाकारांना होती.

बारा हाच आकडा का, याचे उत्तर जुन्या हिशेबनीसाला सांगावे लागणार नाही. एका आण्याच्या बारा पै आणि बारा नगांचा डझन ज्या कारणाने सोयीचा, त्याच कारणाने बारा स्तंभही सोयीचे : दोन, तीन, चार आणि सहा यांनी बाराला पूर्ण भाग जातो. पाचाने मात्र जात नाही. मुखपृष्ठावर पाच विभागांच्या समान चौकटी मांडावयाच्या झाल्या की प्रत्येकी दोन स्तंभ देऊन दोन उरतात, आणि रचनाकार सहावा विभाग शोधू लागतो. (बूटस्ट्रॅपच्या चौथ्या आवृत्तीपासून ही अडचण राहिलेली नाही, तथापि सहाव्या चौकटीत ‘छायाचित्र दालन’ भरण्याची सवय टिकून आहे.) आशयाने मांडणी ठरवावी, की मांडणीने आशय, हा वाद येथे क्षुल्लक उदाहरणातून दिसतो एवढेच.

पिक्सेलकडून टक्केवारीकडे

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट यांचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख प्रसिद्ध झाला आणि ९६० पिक्सेलच्या स्थिर चौकटीचा आधारच निघून गेला. मार्कॉट यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या : प्रवाही ग्रिड, प्रवाही चित्रे आणि मीडिया क्वेरी. स्तंभाची रुंदी पिक्सेलमध्ये न देता पालक घटकाच्या टक्केवारीत द्यावयाची. ९६० पिक्सेलच्या पानातील ३०० पिक्सेलचा स्तंभ म्हणजे ३०० भागिले ९६०, अर्थात ३१.२५ टक्के. विचार साधा होता, पण प्रत्येक घटकासाठी असा भागाकार करणे कंटाळवाणे होते आणि फ्रेमवर्कना तेथेच दुसरे जीवदान मिळाले.

ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ऑगस्ट २०११ मध्ये बूटस्ट्रॅप खुले केले. झर्ब या संस्थेचे फाउंडेशन आणि डेव्ह गमाश यांचे आटोपशीर स्केलेटन हेही त्याच वर्षीचे. ऑगस्ट २०१३ मधील बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीने मोबाइलचा पडदा हा आरंभबिंदू मानला आणि ७६८, ९९२ व १२०० पिक्सेल हे तीन ब्रेकपॉइंट रूढ केले. असंख्य संकेतस्थळे या तीन आकड्यांवर उभी राहिली. हे आकडे विशिष्ट काळातील उपकरणांच्या रुंदीवरून आले होते, मजकुराच्या गरजेवरून नव्हे, ही बाब पुढे विसरली गेली.

बूटस्ट्रॅपचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ब्राउझरांतील विसंगती झाकून त्याने छोट्या संस्थांना नीटनेटके पान दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने एक सामाईक बोली निर्माण केली. एका विद्यार्थ्याने अर्धवट सोडलेले काम दुसरा विद्यार्थी उचलू शकतो, कारण दोघांनाही ‘रो’ आणि ‘कॉल’ हे शब्द ठाऊक असतात. ही सामाजिक उपयुक्तता तांत्रिक टीकाकारांनी पुरेशी ओळखलेली नाही. मात्र जी बोली आत्मसात होते ती फ्रेमवर्कची असते, सीएसएसची नव्हे. आवृत्ती बदलली की शब्दही बदलतात. तिसऱ्या आवृत्तीतील ‘एक्सएस’ हा उपसर्ग चौथ्या आवृत्तीत नाहीसा झाला. त्या चौथ्या आवृत्तीने जानेवारी २०१८ मध्ये फ्लोट सोडून फ्लेक्सबॉक्स स्वीकारला, मे २०२१ मधील पाचव्या आवृत्तीने जेक्वेरीचे अवलंबित्व आणि इंटरनेट एक्सप्लोररचा आधार दोन्ही टाकून दिले. तिसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल जुलै २०१९ मध्येच थांबली होती. दहा वर्षे चालावे या अपेक्षेने बांधलेल्या संकेतस्थळासाठी हा हिशेब गंभीर आहे.

भाषेला मिळालेले ग्रिड

मार्च २०१७ या एकाच महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी सीएसएस ग्रिड उपलब्ध करून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एज त्यांत सामील झाला. ओळी आणि स्तंभ या दोन्ही दिशांचा एकत्रित विचार करणारे हे सीएसएसमधील पहिलेच मांडणीतंत्र. फ्लेक्सबॉक्स एका वेळी एकाच दिशेचा विचार करतो आणि फ्लोट तर दिशेचाच विचार करीत नाही.

फरक समजण्यासाठी एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. विभागांची ओळख करून देणाऱ्या चौकटी पानावर मांडावयाच्या आहेत. बूटस्ट्रॅपच्या रूढ पद्धतीने प्रत्येक चौकटीला तीन-चार वर्गनामे द्यावी लागतात : लहान पडद्यावर बारा स्तंभ, मध्यम पडद्यावर सहा, मोठ्या पडद्यावर तीन. ग्रिडमध्ये पालक घटकावर एकच विधान पुरते : रिपीट, ऑटो-फिट, मिनमॅक्स १६ रेम ते १ एफआर. म्हणजे, प्रत्येक स्तंभ किमान १६ रेमचा असावा, मावतील तितके स्तंभ करावेत आणि उरलेली जागा समान वाटून द्यावी. मूळ अक्षराकार १६ पिक्सेल धरला तर किमान रुंदी २५६ पिक्सेल होते. दोन्ही कडांना आणि स्तंभांच्या मधे १६ पिक्सेल मोकळे सोडल्यास ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर एक स्तंभ, ७६८ च्या टॅब्लेटवर दोन आणि १२८० च्या पडद्यावर चार स्तंभ आपोआप पडतात. येथे एकही ब्रेकपॉइंट लिहिलेला नाही.

याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. दृष्टी मंद असलेल्या वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमधून मूळ अक्षराकार दुप्पट केला, तर वरील विधानातील किमान रुंदी ५१२ पिक्सेल होते आणि टॅब्लेटवर दोन स्तंभांचा एक होतो. अक्षर मोठे झाले तशी त्याला जागाही मिळते. बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीत अक्षर मोठे होते, पण ब्रेकपॉइंट पिक्सेलमध्येच असल्याने स्तंभ तेवढेच अरुंद राहतात. तिसऱ्या आवृत्तीत तर मूळ मजकूर १४ पिक्सेलवर खिळलेला असल्याने या सेटिंगची दखलच घेतली जात नाही.

देवनागरीचा प्रश्न

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेच्या संकेतस्थळाला लागू आहे. मराठी मजकूर या चौकटींत ओतला की काही निराळ्या गोष्टी दिसू लागतात, आणि फ्रेमवर्कच्या तुलनेत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पहिली गोष्ट शब्दांच्या लांबीची. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. इंग्रजीत जे तीन सुटे शब्द असतात त्यांचा ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा एकच शब्द होतो. त्याला आणखी एक प्रत्यय लागून ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ होतो. ओळ मोडण्याच्या जागा त्यामुळे कमी होतात. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत ९७० पिक्सेलच्या चौकटीतील दोन एकक स्तंभात, दोन्ही बाजूंचे १५ पिक्सेल वजा जाता, मजकुरासाठी सुमारे १३२ पिक्सेल उरतात. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द शीर्षकाच्या २४ पिक्सेल आकारात तेथे मावेलच असे नाही; मावला नाही तर तो शेजारच्या स्तंभावर आक्रमण करतो. इंग्रजीतही लांब शब्द आहेत, परंतु मराठीत ते व्याकरणातूनच सतत निर्माण होतात. सीएसएस ग्रिडही यातून आपोआप सुटत नाही. ‘१ एफआर’ या मापाला आतील सर्वांत लांब शब्दाची किमान मर्यादा असते, म्हणून लांब शब्द स्वतःचा स्तंभ रुंदावतो आणि शेजाऱ्याला चेपतो. मिनमॅक्स शून्य ते १ एफआर असे लिहिल्यास स्तंभ स्थिर राहतात, पण मग शब्द बाहेर ओसंडतो. खरा उपाय स्तंभच रुंद ठेवण्याचा आहे : मराठी संकेतस्थळाने सहा स्तंभांच्या मोहात पडू नये.

दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत ओळीची उंची अक्षराकाराच्या सुमारे १.४३ पट आणि चौथ्या-पाचव्या आवृत्तीत १.५ पट धरलेली आहे. रोमन लिपीस हे पुरेसे होते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचा पसारा असतो. त्यामुळे एका ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा अनुस्वार जवळजवळ भिडतात. सलग मजकुरासाठी १.७ ते १.८ पट उंची अधिक सुवाच्य ठरते. अक्षरांमधील अंतर वाढविण्याचा शौक मात्र पूर्णपणे टाळावा. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. तयार टेम्प्लेटमधील शीर्षकांना हे अंतर अनेकदा आधीच दिलेले असते, आणि मराठी शीर्षक घातल्यावर ते काढण्याचे कोणाला सुचत नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची. वाचनास सोयीची ओळ किती लांब असावी हे ठरविण्यासाठी ‘सीएच’ हे एकक वापरण्याचा प्रघात आहे. हे एकक म्हणजे वापरातील टाइपमधील रोमन शून्याची रुंदी. टाइपांच्या यादीत आधी इंग्रजी आणि नंतर देवनागरी टाइप असेल, तर शून्य एका टाइपातून मोजले जाते आणि मजकूर दुसऱ्यात उमटतो. विंडोजवरील रा. कृ. जोशी यांचा ‘मंगल’, अँड्रॉइडवरील नोटो किंवा एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ यांच्या अक्षरांची रुंदी आणि उंची भिन्न आहे. त्यामुळे एका यंत्रावर दोन ओळींत बसलेले शीर्षक दुसऱ्यावर तीन ओळी घेते. शेजारच्या चौकटींतील शीर्षके आणि परिच्छेद एका रेषेत राखण्यासाठी येथे ‘सबग्रिड’ उपयोगी पडते. फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०१९ पासून, सफारीत २०२२ पासून आणि क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ पासून ते उपलब्ध आहे. चौकटींची उंची पिक्सेलमध्ये ठरवून टाकण्याची जुनी रीत मराठी मजकुराला सर्वांत घातक आहे, कारण तीत तिसरी ओळ कापली जाते.

दृश्य क्रम आणि वाचनक्रम

ग्रिडची आणि फ्रेमवर्कची, दोहोंचीही, एक सामाईक मर्यादा आहे. ‘ऑर्डर’ या गुणधर्माने किंवा तशा वर्गनामांनी घटकांचा दृश्य क्रम बदलता येतो. मूळ एचटीएमएलमधील क्रम मात्र बदलत नाही. पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणारा अंध विद्यार्थी आणि केवळ कळफलकावर काम करणारी व्यक्ती यांना मूळ क्रमच मिळतो. प्रवेशसूचना डोळ्यांना सर्वांत वर दिसावी आणि कानांना सर्वांत शेवटी ऐकू यावी, अशी स्थिती त्यातून उद्भवते. ग्रिडमध्ये घटक कोणत्याही घरात ठेवता येत असल्याने हा धोका वाढलेलाच आहे, हे ग्रिडच्या पुरस्कर्त्यांनी मान्य करावयास हवे. जून २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता मानकाने ३२० पिक्सेल रुंदीत आडवे सरकवावे न लागता मजकूर वाचता आला पाहिजे, असा निकष घातला; माहितीच्या तक्त्यांना त्यातून सवलत दिली. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर नॅकच्या अहवालांचे आणि वेळापत्रकांचे रुंद तक्ते भरपूर असतात, म्हणून ही सवलत दिलासादायक आहे. परंतु संपूर्ण पानच तक्त्यासोबत आडवे सरकू लागले तर निकषाचा भंग होतोच; तक्त्याला स्वतःची सरकपट्टी द्यावी लागते. बूटस्ट्रॅपमध्ये त्यासाठी तयार वर्गनाम आहे, स्वतः लिहावयाचे झाल्यास एका आवरण घटकावर एकच ओळ पुरते.

निवडीचे निकष

फाइलचा आकार हा फ्रेमवर्कविरुद्धचा सर्वाधिक वापरला जाणारा आणि बहुधा सर्वांत दुबळा युक्तिवाद आहे. बूटस्ट्रॅप ५.३ ची संपूर्ण स्टाइलशीट आटोपशीर रूपातही दोनशे किलोबाइटच्या पुढे जाते हे खरे. पण सर्व्हर ती संकुचित करून पाठवितो आणि ब्राउझर ती साठवून ठेवतो. स्नेहसंमेलनाचे एक अनघड छायाचित्र याहून अनेक पटींनी जड असते. विचार करावयाचा तो देखभालीचा. टेलविंडमध्ये वर्गनामांवरून हवी तेवढीच स्टाइलशीट तयार होते आणि त्याची ग्रिडची वर्गनामे थेट सीएसएस ग्रिडवर आधारलेली आहेत, हे गुण निर्विवाद होत. परंतु त्याला बांधणीची प्रक्रिया लागते. ती चालविणारी व्यक्ती संस्थेत नसेल तर एका सूचनेचा रंग बदलण्यासाठीही पुरवठादाराकडे जावे लागेल. ज्या संस्थेत संगणकशास्त्र विभाग संकेतस्थळ सांभाळतो तेथे हा आक्षेप गळून पडतो.

फॉर्म, टॅब, मेनू, सूचनाचौकटी असे अनेक घटक लागणार असतील आणि काम अनेक हातांतून जाणार असेल, तर बूटस्ट्रॅपची पाचवी आवृत्ती निवडण्यात गैर काही नाही, ५.१ या आवृत्तीपासून तिच्यात सीएसएस ग्रिडचा पर्यायही, प्रायोगिक स्वरूपात, दिलेला आहे. केवळ स्तंभ पाडण्यासाठी मात्र आज कोणत्याही फ्रेमवर्कची आवश्यकता उरलेली नाही. सूचना, विभागांची माहिती, प्राध्यापकांची यादी आणि अहवाल एवढाच आशय असलेल्या मराठी संकेतस्थळाला वर उल्लेखिलेले एक ग्रिड विधान, योग्य टाइप, पुरेशी ओळ-उंची आणि तक्त्यांची सरकपट्टी एवढी सामग्री पुरते. ती शंभर ओळींच्या आत लिहिता येते आणि पदवीच्या विद्यार्थ्याला वाचून समजते. ती लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीचे प्रयोजन मराठीतून टीपेत लिहून ठेवले, तर सामाईक बोलीचा बूटस्ट्रॅपचा फायदाही बव्हंशी भरून निघतो.

जुन्या संकेतस्थळांचा प्रश्न राहतो. बूटस्ट्रॅपच्या तिसऱ्या आवृत्तीवर उभे असलेले पान एकदम मोडून टाकण्याची गरज नाही. पालक घटकाला ग्रिड केले की आतील घटकांवरील फ्लोट निष्प्रभ होतो. टक्क्यांत दिलेली रुंदी तेवढी ‘ऑटो’ करावी लागते. एक विघ्न मात्र हमखास आडवे येते. ‘रो’ या वर्गनामाच्या आधी आणि नंतर क्लिअरफिक्ससाठी अदृश्य घटक निर्माण केलेले असतात. पालक घटक ग्रिड होताच तेही ग्रिडचे घटक बनतात, पहिले घर रिकामे पडते आणि सर्व चौकटी एक घर पुढे सरकतात. त्या दोन अदृश्य घटकांचे ‘डिस्प्ले’ मूल्य ‘नन’ केल्यावर मांडणी पूर्ववत होते.